एकही प्रश्न न विचारता

बाई, परवा मी सात कंप्युटरांवर एका दमात डेटाबेस चढवला आणि एकावरही माऊस हलवला नाही. हे कुणाला सांगावं तर तुम्हीच आठवलात. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, ते ठाऊक आहे मला.

माझं शिक्षण अर्धंच राहिलं. काशीदला होमस्टेच्या खोल्या लावल्या, मग दिवेआगरला वाडीत सुपाऱ्या सोलल्या. तिथल्या एका मावशींनी मला पोफळीवर चढायला शिकवायचं ठरवलं होतं, ती गंमत वेगळीच, राहू दे. आता अलिबागजवळच्या एका दवाखान्यात महिन्याच्या बोलीवर आहे. हे काम जमलं तर कायम करणार, नाहीतर परत पिशवी खांद्याला. आणि बाई, पहिल्यांदाच मला कुठून तरी जावंसं वाटत नव्हतं.

किहीमला तुमच्या कंप्युटर क्लासची खोली स्वयंपाकघराला लागून. तुम्ही ओट्याशी कोळंबी सोलताय, हात बरबटलेले, आणि मी बाहेर मशीनवर नवा प्रोग्रॅम चढवतेय. "आता फोल्डर विचारेल," तुम्ही आतूनच सांगता. विचारतो. "आता पासवर्ड." तोही विचारतो. मी थक्क. पण बोट माझं 'पुढे'चं बटण दाबत सुटलेलं.

"थांब गो! कशाला हो म्हणालीस ते वाचलंस?"

"सगळेच दाबतात, बाई."

"सगळे खाडीत उडी मारतील, तू मारशील? त्याचे सगळे प्रश्न लिहून काढ, पुढे उत्तरं लिही. उत्तरं आधीच हातात दिलीस तर तो तोंड उघडणार नाही."

मला वाटलं, बाईंचं आपलं काहीतरी.

परवा तेच केलं. सगळी उत्तरं एका फाइलीत लिहिली, ती सातही कंप्युटरांना पुरवणारी स्क्रिप्ट चालवली. नऊला केसपेपर सुरू होतात, त्याच्या आत व्हायला हवं होतं. सिस्टर मागे उभ्या. "काय गो, काहीच दिसत न्हाय?"

"दिसणारच नाही, सिस्टर. गुपचूप होतं."

"मग झालं कसं कळायचं?"

दोन सेकंदांत संपलं. इतक्या लवकर? नोंदींची फाइल उघडली, तर शेवटी एकच तक्रार: अटी मान्य आहेत असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून थांबलो. एवढी वर्षं त्या चौकटीत खूण करत आले, पण तो प्रश्न आहे हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मग घड्याळाकडे न बघता अटी वाचल्या. अर्ध्या कळल्या नाहीत. ती ओळ घातली, पुन्हा चालवलं.

या वेळी वेळ लागला. पडदे तसेच, फक्त कंप्युटरच्या सातही डब्यांवरचे छोटे दिवे लुकलुकत होते. समोर कुणी नसताना आपलंच म्हणणं कुणीतरी सात ठिकाणी शब्दन् शब्द पाळतंय, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. नऊला पाच कमी असताना सिस्टरनी रांगेतल्या पहिल्या आजींचं नाव टाइप केलं आणि केसपेपर बाहेर आला. "आयला, खरंच झालं की!" त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी कायम नोकरीचा कागद दिलाय. तुमच्या घरात आता दुसरीच माणसं राहतात, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्या कागदाखालीच ठेवतेय. नोकरीच्या कागदाची चार पानं आहेत. तीन वाचून झाली. सही चौथ्यावर करायची आहे, आणि खरं सांगते बाई, कालपासून मी 'कायम' लिहिलेलं ते तिसरंच पुन्हा पुन्हा वाचतेय.