चिमणीच्या नावावरचे शेअर्स

४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचताना चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबव. नाहीतरी तू बसवलेल्या काचांतून त्यांना आणखीच कमी दिसतं.

कामाचं सांगतो. आमच्या केबल कंपनीची मोडेमची मोठी ऑर्डर एका लहान कारखान्याला जातेय. ती माझ्याच खात्यातून निघते. मागोमाग एक टेलिफोन कंपनी तो कारखानाच विकत घेणार आहे. बाजारात नुसती कुजबुज आहे, मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या नावावर शेअर्स घेता येत नाहीत. पैसे पाठवतोय, त्यात भाऊजींच्या विम्याचे घाल आणि तुझ्या नावावर घे. फायदा निम्मा-निम्मा. तुझ्या वहिनीला बोलू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझी खोडी काढल्याशिवाय न करमणारा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेअर्स घेतले. दलालाने दोनदा विचारलं, बाई, या कारखान्याचं नाव तरी ऐकलंय का? मी नुसती हसले. हे गेल्यापासून त्या पैशांना हात लावला नव्हता. तू आहेस म्हणून निर्धास्त आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, पुढच्या महिन्यात येते.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
चिमणी

२ मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पेपर पाहिलास ना? सौदा झाला, भाव तिप्पट झाला, आमची चिमणी शेठाणी झाली! आता सगळे विकून टाक. माझा वाटा रोख, कुणाच्या तरी हाती पाठव, बँकेतून नको. काही दिवस इकडे येऊ नकोस, उगाच लोकांच्या डोळ्यांवर येईल. आईची समजूत मी घालतो.

तुझाच,
दादा

१९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाटा पोचला असेल. काल दुकानात शेअर बाजाराच्या चौकशीचे दोन अधिकारी आले. सौद्याआधी एवढे शेअर्स घेणाऱ्या मोजक्या लोकांत माझं नाव आहे, आणि भाऊ केबल कंपनीत आहे, हे त्यांनी गिऱ्हाइकांसमोर बोलून दाखवलं. मालक काउंटरमागून ऐकत होते. डोकं दुखतंय म्हणून मी सोमवारपर्यंत वेळ मागून घेतला. काय सांगू? तू म्हणशील तेच सांगेन.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चिमणी

२१ मे

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

घाबरू नकोस. मागे तू जेवायला आली होतीस तेव्हा मी फोनवर बोलत होतो, ते कानावर पडलं, असं सांग. मला त्याची गंधवार्ता नव्हती, हेही सांग. तू एकटी बाई, तुला दया दाखवतील. माझी नोकरी गेली तर मुलं आणि आई उघड्यावर येतील. एवढं करच.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलंस तेच बोलले आणि खाली सही केली. फायदा जप्त, वर दंड. तुझ्या वाट्याचेही माझ्याकडूनच वसूल केले. घर विकून भरले. मालकांनी तर सहीच्याच दिवशी कामावरून काढलं. म्हणाले, चोराच्या हातचा चष्मा कोण घालणार?

तू माझ्याविरुद्ध जबाब दिलास, असं अधिकारी म्हणाले. मी तुझं कपाट उचकटून कागद वाचले, असा. हे आपलं ठरलं नव्हतं, दादा. घाबरून बोलला असशील. मनात ठेवलेलं नाही.

महिनाअखेर घराचा ताबा द्यायचा आहे. काम मिळेपर्यंत आईजवळ येऊ का? तिच्या खोलीत खाली अंथरूण टाकेन, कुणाला अडचण होणार नाही.

तुझी,
चिमणी

१६ जुलै

चिमणीस,

पत्र मिळालं. तू माझे कागद चोरून वाचलेस, हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. तरी सख्खी बहीण म्हणून माफ केलं. बहिणीची गय न करता खरं बोललो, याचं वरिष्ठांना कौतुक वाटलं. एक तारखेपासून मी खात्याचा प्रमुख होतोय. अशा वेळी तू इथे येणं बरं दिसणार नाही.

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती रोज तुझी वाट पाहायची. मी सांगितलं, चिमणीकडे आता पैसा आलाय, तिला तुझी आठवण कशाला होईल? दोन दिवस रडली. आता तुझं नाव काढत नाही.

लोभ आहेच, तो वाढवण्याची तसदी घेऊ नये.

दादा