ताईची जास्वंद

३ मार्च
ताईला आता जिना उतरवत नाही. तिनेच लावलेली अंगणातली जास्वंद तिला दिसत नाही. म्हणाली, चित्र काढून दे, पलंगासमोर लावीन. शब्द दिला. थोरल्या बहिणीसाठी मोठं तैलचित्र! त्याआधी अभ्यासाची रेखाटनं. आठवड्याचं काम.

५ मार्च
चौथीतली फुलांची कविता सकाळपासून मनात घोळतेय. पण पाकळीतल्या शिरा कुठून कुठे जातात, हे कवीने लिहिलेलं नाही. ते मलाच बघावं लागणार. फूल उभं चिरलं. आत केवढं जग! संध्याकाळपर्यंत मलूल. उद्या नवीन.

९ मार्च
रोजचं फूल वेगळं. कालचे केसर डावीकडे झुकलेले, आजचे उजवीकडे. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. ही म्हणाली, ताईंना फूल हवंय हो, पोस्टमॉर्टेम नकोय. दुर्लक्ष केलं.

१४ मार्च, सकाळ
डॉक्टर ताईच्या सुनेशी दाराबाहेर बोलले. हळू आवाजात. ती डोळे पुसत आत गेली. बस्स. कॅनव्हास आजच रंगवायला घेतो.

संध्याकाळ
देठ जमलेला नाही. देठावाचून फूल उभं कशावर करू?

१८ मार्च
वर जायला तोंड नाही. सुनेकडून ताईचा निरोप आला: अरे बाळ्या, लहान पोरासारखं एक फूल काढ, लाल रंग फास नि घेऊन ये. मला घाई आहे.
गलबलून आलं. पाटीवरचं माझं चित्र पुसायला नको म्हणून स्वतःची गणितं तळहातावर करणारी ही ताई. तिला कच्चं काम देऊ?

२२ मार्च
झाडावर फूल नाही. कळीही नाही. कळ्यांचा अभ्यास राहून जायला नको, म्हणून परवा सगळ्या मीच खुडल्या. हिने विचारलं, एकसुद्धा ठेवली नाहीत? आठवणीतून काढीन. कॅनव्हास कोरा. देवा, थोडे दिवस दे रे.

२५ मार्च
सून बोलवायला आली. रिकाम्या हातांनी वर गेलो. पलंगासमोर सुनेने औषधवाल्याचं कॅलेंडर लावलेलं. त्यावर गुलाब. ताई डोळे बारीक करून तिकडेच बघत होती. चाचपत माझा हात धरला. म्हणाली, हुबेहूब आपली जास्वंद रे! उगीच नाही इतके दिवस लावलेस.
सून माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, पानं जरा घाईत झाली, ताई.