विहिरीच्या गाण्याचा हक्क

मी, जनकाबाई भ्र. जानराव इंगळे, वय साठीच्या पुढे, धंदा शेतमजुरी, राहणार रोहिणखेड, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून देते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मी सांगेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही, असं लिहिणारे पोस्टमास्तर अर्जुनराव यांच्याशी ठरलं आहे.

१. राहतं दोन खणांचं घर, परसातली चिंच आणि दोन्ही शेळ्या माझी मुलगी सिंधू हिला. जावयाने चिंच तोडू नये. त्याची नजर तिच्यावर आहे, हे मला माहीत आहे.

२. माझे मालक कै. जानराव यांची ढोलकी आमच्या गायन मंडळाला. मंडळात आता आम्ही चार बायाच उरलो आहोत. बाकीचे का गेले ते पुढे येईल.

३. गाण्यांबद्दल. मंडळात गाणं एकट्याचं नसे. मी मुखडा बांधायची, कोणी कडवं जोडायचं, मालक चाल बसवायचे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आम्ही मोडली आणि फक्त 'रोहिणखेडचं मंडळ' एवढंच घातलं. त्याचा आम्हाला अभिमान होता, आणि तोच आम्हाला नडला.

माझा धाकटा दीर माणिकराव मंडळाचा सेक्रेटरी. गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला की सगळ्यांनी आपापली कडवी त्याच्या नावावर करून द्यावी. उद्या कोणी चोरली तर भांडायला एक धनी पाहिजे, इतक्या जणांचं कोर्ट ऐकत नाही. बोलणं पटण्यासारखंच होतं. सगळ्यांनी अंगठे दिले, पहिला माझा. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्याच्या कागदात काय आहे हे मी कशाला विचारणार?

चोर बाहेरून आलाच नाही. धन्यानेच सगळा हक्क एका छापखान्याला विकला. पुस्तकावर कवी म्हणून त्याचं एकट्याचं नाव आणि खाली 'सर्व हक्क स्वाधीन'. तेही मी गिळलं असतं. पण धामणगाव बढ्याच्या एका लग्नात आम्ही विहिरीचं गाणं उचललं, तेव्हा हा भर मांडवात उठला. "वहिनी, हे गानं आता तुमाले गाता येत नाही. मी कागद करून देला," म्हणाला.

सरकारी विहिरीत आमची घागर पहिल्यांदा बुडाली, त्या दिवशीचं ते गाणं. मालकांनी चाल दिलेलं शेवटचं. मी खाली बसले. परक्याने केलं असतं तर भांडले असते. हा पडला घरचा. गायचीच बंदी झाल्यावर बाकीचे एकेक करून मंडळ सोडून गेले. तो राग आजही गेलेला नाही, आणि मरेपर्यंत जाईल असं वाटत नाही.

४. त्यानंतरची माझी गाणी कागदावर नाहीत. शेतात तण निंदायला गेल्यावर बायांना तोंडी शिकवली आहेत. ती जो गाईल त्याची. कडवं घाला, गाळा, चाल बदला. अट एकच, आपण बदललेलं गाणंही पुढच्याला असंच मोकळं द्यायचं. कोणाच्या नावावर करायचं नाही, मग तो कितीही गोड बोलो.

५. यातून माणिकराव वगळला आहे. मंडळात सगळ्यात गोड गळा त्याचा होता, हे मला ठाऊक आहे. तरीही.

६. साक्षीदारांबद्दल. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद होतात, असं अर्जुनराव म्हणाले. गाणी तर मी साऱ्या मुलखाला दिलेली. मग साक्षीला माणूस आणायचा कुठून? अर्जुनरावांना गाण्याचं वावडं आहे, त्यांनी आपला वाटा आनंदाने सोडला. दुसरा माणूस मी निरोप धाडून बोलावला. तो समोर बसून हे सगळं ऐकतो आहे. मघाशी त्याने विचारलं, "वहिनी, मलेच काऊन बलावलं?"

मी म्हटलं, "तुलेच यातलं काही भेटत नाही, म्हनून."

ठिकाण : रोहिणखेड
तारीख : ९ फेब्रुवारी १९६९

लिहवून देणार : जनकाबाई जानराव इंगळे
(सही स्वतःच्या हाताची. अंगठा देणं सोडलं आहे.)

साक्षीदार :
१. अर्जुनराव सोनुने, पोस्टमास्तर
२. माणिकराव इंगळे. पूर्ण ऐकून, समजून सही केली.