अंगावरून जातं

सोमवार, ३ तारीख

मी काय मेलेय? कॉटवर मी, पाय माझे, दुखणं माझं — आणि ही पोरं विचारतात सुनेला! "आजींना भूक लागते का?" अरे, तोंड माझं आहे, मला विचार की!

सून इथं दवाखान्यात आया. तिनंच हे काम आणलं. शिकाऊ डॉक्टरांपुढं मी खोटी पेशंट व्हायचं, तिनं शेजारी नातेवाईक म्हणून उभं राहायचं. शिकवणीच्या तासाचं नाव 'नम्रता'! दुसऱ्याची रीतभात समजून घ्यायची म्हणे. आणि मास्तरीणबाईंनी फळ्यावर लिहिलं काय — 'कमी शिकलेल्या वृद्ध स्त्रिया लाजतात. नातेवाइकांना विचारा.'

चौथी पास आहे मी. वाचता येतं!

बुधवार, ५

काय दुखतंय म्हणून सांगायचं, त्या चिठ्ठीत गुडघेदुखी लिहिली होती. गुडघे गेले खड्ड्यात. मी म्हटलं, "अंगावरून जातं."

"काय जातं आजी? मुंग्या?" एक पोरगा म्हणाला. सगळे फिदीफिदी. सुनेनं मान खाली घातली. मास्तरीणबाई — "आजी, चिठ्ठीतलंच बोला हं."

पाळी जाऊन वीस वर्षं झाली, आणि आता तीन महिने रक्त जातंय. आम्ही बायका असंच बोलतो. याहून उघडं काय बोलू? दवंडी पिटू?

गुरुवार

सून म्हणाली, "आई, भलतंच काय बोललात काल!" म्हटलं, नाटक होतं ते. हे मात्र खोटं बोलले.

शुक्रवार, ७

आज चष्मेवाली पोरगी होती. कागद पालथा घातला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "आजी, परवाचं तुमचं बोलणं मला कळलं नाही. पुस्तकात नाही ते. तुम्हीच सांगा."

सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "हे खरं आहे?"

"मग काय, हौस आहे मला?"

तिनंच तपासणीची तारीख काढून आणली. सून रडली. फळ्यावरची ओळ मात्र तश्शीच! पुसायला फडकं मिळालं नसेल.

मंगळवार, ११

तपासणी झाली. मोठे डॉक्टर सुनेला बाहेर नेऊन — "गाठ आहे. आजींना सांगू नका." कान शाबूत आहेत माझे. दार ढकललं.

"गाठ माझी आहे, डॉक्टर. आणि लपवाल तर गाठ माझ्याशी आहे! बसा. विचारणार मी. उत्तर तुम्ही द्यायचं — तिला नाही, मला."