जिभेचा उपास

ड्र्यानोवो,
रविवार, २४ मार्च १९९६

चि. रादका,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो काही आजचा नाही. जावयांना माझी आठवण सांग.

फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षं बस स्टँडच्या तिकीटखिडकीत बसले, काचेपलीकडच्या माणसावर खेकसायची सवय हाडीमाशी खिळली. कागदावर निदान खोडता तरी येतं. हे तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत गेली.

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू आहे. मांस, दूध, अंडी बंद, ते नेहमीचंच. पण यंदा देवळात पापांच्या कबुलीला गेले तर फादर मेतोडींनी मला धरलंच. म्हणाले, "नेवेना, पोटाचे उपास चाळीस वर्षं केलेस. या खेपेस जिभेला उपास घाल. ईस्टरपर्यंत एक कडू शब्द नको."

"मग मी बोलू तरी काय, फादर?"

"तेच शोध."

पहिल्या आठवड्यात जिवाचे हाल झाले बघ. बेकरीतल्या पेन्कानं पुन्हा करपलेला पाव हातात ठेवला. मी म्हटलं, "छान खरपूस आहे हो." ती घाबरलीच. "काकू, एवढ्यात ब्लडप्रेशर तपासलंत का?" शेजारच्या स्तोयनाच्या कोंबड्यांनी माझा कांदा उकरला, तेव्हा मुकाट्यानं तो पुन्हा लावत बसले. स्तोयना म्हणाली, "बोल गं बाई एकदाचं! तुझं हे गप्प बसणं बघवत नाही."

मग जमायला लागलं. परवा फादरना ऐटीत सांगितलं, चार दिवसांत तोंडून एक वावगा शब्द गेला नाही. त्यांनी विचारलं, "चार दिवसांत बोललीस कुणाशी?" मी आठवू लागले. स्तोयना मुलीकडे गेलेली. पाव आठवड्याचा आणून ठेवलेला. कुणाशीच नाही, रादका. तिथेच देवळातल्या बाकावर बसून रडले.

उपासाच्या आदल्या दिवशी, क्षमेच्या रविवारी, मी तुमची वाट पाहिली. धाकट्यांनी थोरांकडे जाऊन क्षमा मागायची ही रीत, तेव्हा येतील म्हटलं. चीजच्या थरांचा बानित्सा भाजला, दार नुसतं लोटून ठेवलं. पलीकडे स्तोयनाची नातवंडं त्या दिवशीच्या खेळातली, दोऱ्याला टांगलेली हलव्याची वडी तोंडानं पकडत होती, हसण्याचा नुसता गोंगाट. दोनदा पावलं वाजली, दोन्ही वेळा तिच्याकडचीच माणसं. दुसऱ्या दिवसापासून चीज चालत नाही म्हणून उरलेला बानित्सा तिच्या कुत्र्याला घातला.

इतकं लिहिलं, तरी जे लिहायचं ते टाळतेच आहे.

गेल्या वर्षी त्याच रविवारी तू आली होतीस. बाळ जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते. धड उभं राहवत नव्हतं, तरी रीतीप्रमाणे वाकलीस, माझ्या हाताचं चुंबन घेतलंस, म्हणालीस, "आई, मला क्षमा कर." यावर थोरांनी "देवानं क्षमा केली" एवढंच म्हणायचं असतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी म्हटलं, "कशाची करू? पोटुशी असताना गिरणीत कामाला जाऊ नको म्हणून घसा फोडून सांगत होते, ऐकलंस? जपलं असतंस तर आज मांडीवर असता."

जावयांनी तुझा कोट उचलला. तुम्ही जेवलातही नाही.

तुझी काही चूक नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि मला ते माहीत होतं. नातू माझाही गेला होता, पण मला रडता यायचं नाही, ओरडता तेवढं यायचं. ते सगळं मी तुझ्यावर ओतलं. हे कारण सांगते आहे, सबब नव्हे. वर्षभर मात्र ताठ बसून राहिले, की ती धाकटी, तीच येईल.

थोरांनी धाकट्यांपुढे वाकायची आपल्याकडे रीत नाही. नसू दे.

उद्या मारियेला देवदूतानं शुभवार्ता दिल्याचा सण, उपासातही मासा चालतो, एकच छोटा आणला आहे. ईस्टरला या असं म्हणत नाही, तो हक्क मला नाही. एकच मागते. बाळाचं नाव तुम्ही काय ठरवलं होतंत, ते मी कधी विचारलंच नाही. सांगावंसं वाटलं तर नुसतं तेवढंच लिहून पाठव. मला त्याच्या नावानं मेणबत्ती लावायची आहे, आणि लावताना काय म्हणायचं ते ठाऊक नाही.

रादका, मला क्षमा कर.

तुझ्यापुढे वाकलेली,
आई