एकवीस वलयं

दि. ९ नोव्हेंबर

चि. बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मी पोस्टमनला म्हटलं, पत्ता चुकला असेल, नीट बघ. एकोणीस वर्षांत तुझी एक ओळ नाही आणि आता चांगलं दोन पानी पत्र. आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात आणि माझे कान गेले. गिरणीत लाकूड कापण्यात जन्म काढला की कान राहत नाहीत. त्यामुळे वहिनीचं बोलणं मला लागत नाही, तेवढाच फायदा.

सुटीत माझ्या भाचीला गाव दाखवायचंय, बघण्यासारखं काय आहे, असं विचारतेस. हसू नकोस, पण आपलं गाव आता बघण्यासारखं झालंय. जंगल संपलं, गिरणी बंद पडली, मग लोक बघायला यायला लागले. ओंडके नदीत सोडायचे तिथे बाकडी टाकलीत. लाकडी पुलावर फोटो काढतात. मजुरांच्या खोल्या रंगवून पाहुण्यांना भाड्याने देतात, आपलीसुद्धा. आई ज्या भिंतीला टेकून खोकायची तिथे आता मोठा आरसा आहे.

गिरणीचं संग्रहालय केलंय आणि माहिती सांगायला मला ठेवलंय. पहिली करवत कधी आली, पुरात ती कशी वाहून गेली, सगळ्यात जाड झाड पाडायला किती माणसं लागली, हे मी दिवसातून चारदा सांगतो. तोंडपाठ आहे. शेवटच्या खोलीत मात्र जात नाही. म्हणतो, तुम्ही बघून या, मी इथेच आहे.

त्या खोलीत तुटलेलं पातं आहे आणि तो ओंडका आहे. वर पाटी आहे: ‘ओंडके तपासणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे लोखंड आत राहिले. पाते तुटून एक कामगार ठार.’ कामगार म्हणजे तुझा नवरा, आणि तपासणारे म्हणजे आपले बाबा. पोरीला तू काय सांगितलंयस मला माहीत नाही. पण पाटी ती वाचेलच.

आणि ती झाडांचं शिकते, असं तू लिहिलंयस. म्हणजे ओंडका बघितला की ती वलयं मोजणार. साल आणि आत रुतलेल्या खिळ्याचं डोकं यांच्यामध्ये एकवीस वलयं आहेत. मी शंभर वेळा मोजलीत. झाड अपघाताच्याच वर्षी पाडलं होतं. तेव्हा तू सत्तावीस वर्षांची होतीस. त्यातून एकवीस वजा कर.

सहा वर्षांची होतीस तू. झोका हवा म्हणून दोन दिवस भोकाड पसरलं होतंस. फांद्या उंच होत्या, म्हणून मी दोन झाडांना खिळे ठोकून दोर बांधला. बाबांच्या पेटीतले ते चौकोनी, वीतभर लांबीचे खिळे. तू तिन्हीसांजेपर्यंत उतरली नव्हतीस. पुढे दोर कुजला, खिळ्यांवर लाकूड चढलं, साल आली. बाहेरून बघून ते कुणालाही कळलं नसतं, बाबांनासुद्धा नाही.

बाबांनी तुटलेल्या पात्याजवळ तो खिळा बघितला. चौकोनी खिळे गावात एकट्या त्यांच्याकडे होते. माझ्याकडे एकदा बघितलं, बस. चौकशीत म्हणाले, ‘माझा डोळा लागला होता, ओंडका तपासायचा राहिला.’ उभ्या आयुष्यात तो माणूस कामावर पेंगला नव्हता, बारके. मी शेजारी उभा होतो आणि मूग गिळून होतो.

तू पोटात पोर घेऊन दारात उभी राहिलीस आणि त्यांना म्हणालीस, ‘तुम्ही मला मेलात.’ त्यांनी मान खाली घातली. तू गेल्यावर मी म्हटलं, मी जातो तिच्या मागे, सांगतो. त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, ‘नवरा गेला तिचा. भाऊ तरी राहू दे.’

तू भाऊही ठेवला नाहीस, मी बाबांच्या घरात राहिलो म्हणून. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. रोज उद्यावर ढकललं. ते गेले तेव्हा तुला तार केली, तू आली नाहीस, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

त्या अपघातात तुझा दोष काडीचा नाही. सहा वर्षांची पोर झोका मागणारच. हे कळल्यावर तू स्वतःला खात बसशील, ही भीती मला आधीही होती, आणि तिचा मी आडोसाही केला.

काल संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. पाटी शनिवारी काढणार आहेत. तुम्ही आलात तर शेवटच्या खोलीत पोरीला मी नेईन, बाहेर उभा राहणार नाही. आला नाहीत तरी बाबांचा एक फोटो तुझ्याजवळ असू दे, म्हणून सोबत पाठवतोय. फोटो परत करू नकोस. माझं पत्र केलंस तरी चालेल.

बाबांनी तुझ्यासाठी राखून ठेवलेला,
दादा