डोलकाठीच्या टोकावरून मामांना

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी (बरोबर चाळीस फूट खाली) भाच्याचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आठातली पाच अंगं काठीला चिकटलेली आहेत. आपली प्रकृती उत्तम असावी. टक्कल तरी इथून तुकतुकीत दिसतंय. मी खुशाल. डावा पाय मघाशीच झोपला, तोही खुशाल असावा.

पत्रास कारण की, सकाळपासून आपला अबोला आहे. शिडाचा दोर सुटून टोकावरच्या कप्पीत अडकला, 'नीट बांधला नाहीस' असं तुम्ही म्हणालात, 'तुम्हीच सोडलात' असं मी म्हणालो, आणि तोंडं शिवली ती शिवलीच. तशाच शिवल्या तोंडाने तुम्ही मला वर चढवलंत. नियम मात्र एकही चुकवला नाहीत, हे मान्य. दोर दोन: एक ओढायला, दुसरा पहिला तुटलाच तर. गाठ चढणाऱ्याने स्वतः मारायची, कडीवर विसंबायचं नाही (कडी आणि जावई ऐन वेळी उघडे पडतात, हे आपलंच वचन, जावईबापूंना मी अजून सांगितलेलं नाही). पाना कमरेला सुतळीने बांधायचा, म्हणजे खालच्याचं डोकं शाबूत राहतं. आणि चौथा, वरचा मोठ्याने 'खाली घ्या' म्हणेपर्यंत खालच्याने दोर सैल सोडायचा नाही.

इथेच घोडं अडलंय. कारण घरचा नियम त्याहून जुना: अबोल्यात आधी बोलला तो हरला. एका छत्रीपायी आई आणि तुम्ही अकरा दिवस चिठ्ठ्यांवर काढलेत, आणि शेवटी 'छत्री घे बाई' असं कोण म्हणालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या आईचा मुलगा. काम पंधरा मिनिटांत उरकलं, त्यानंतर तासभर खोकलो, शीळ घातली, हातवारे केले. तुम्ही दोन्ही दोर घट्ट धरून काठीशी बसलात आणि मान फिरवलीत. म्हणून हे मामीच्या सामानाच्या यादीमागे लिहितोय. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. तरी 'खाली घ्या' हे मोठ्याने लिहिलंय असं समजावं.

आपला, तूर्त वरच्या पायरीवरचा,
भाचा

ता. क. अडकलेल्या टोकाला अर्धवट गाठ निघाली. तुमची गाठ दातांनीही सुटत नाही, तेव्हा ही कोणाची ते उघड आहे. मी काही बोललेलो नाही.

पुन्हा ता. क. नुसता कागद वाऱ्याने पाण्यात जाईल, म्हणून पान्याला गुंडाळलाय. त्यासाठी सुतळी सोडावी लागली. तरी हे वाचण्याआधी जरा डावीकडे सरकावं. ओरडून सांगितलं असतं, पण मग मी हरलो असतो.